पाठ आणि पाटी

आपल्या राज्यातल्या फिजिओथेरपीच्या शिक्षणाला लोक उगाच नाक मुरडतात. कुणी म्हणतो फी फार, कुणी म्हणतो नोकऱ्या नाहीत, कुणी म्हणतो नावापुढे डॉक्टर लावायचे की नाही हेच अजून ठरेना. मी भूमला राहतो. माझे दोन्ही गुडघे माझ्या आधी निवृत्त झाले, या विषयातला माझा अधिकार तेवढाच. पण त्या अधिकाराने सांगतो, इतकी विचार करून बेतलेली व्यवस्था मी दुसरी पाहिली नाही. दुखणे एका गावात, उपचार दुसऱ्या गावात, उपचार शिकवणारे तिसऱ्या गावात आणि या तिघांचे भवितव्य ठरवणारे दिल्लीत, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. तिच्यामुळे आजवर कुणाचा कुणाशी तंटा झालेला नाही. गाठच पडत नाही, तर तंटा कशावरून होणार?

या व्यवस्थेचे पहिले तत्त्व असे, की या शिक्षणाकडे कुणी आपणहून येऊ नये. आवडीने आलेला विद्यार्थी घातक असतो. तो प्रश्न विचारतो, पेशंटजवळ जास्त वेळ थांबतो आणि बाकीच्यांची पंचाईत करतो. म्हणून आमच्याकडे पोर दहावीला नव्वदच्या पुढे गेले, की त्याला लातूरला नेऊन सोडतात. तिथे ते दोन वर्षे, आणि जमले नाही तर तिसरे, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीशी झुंजते. नीटला ७२० मार्क. उंचावरून फेकलेला चेंडू किती सेकंदांनी कुठे पडेल याला त्यात मार्क आहेत. अर्धांग झालेल्या माणसाला खाटेवरून न पाडता कसे उठवावे, याला नाहीत. ते योग्यच आहे. चेंडूचा नेम नसतो. माणूस पडला तर खालीच पडणार, हे ठरलेले आहे.

मग निकाल लागतो आणि स्टँडजवळच्या नेट कॅफेत फॉर्म भरायला गर्दी होते. हा सोहळा पाहण्यासारखा असतो. खुर्च्या दोन, माणसे नऊ. पोर मान खाली घालून फोन पाहत असते, कॅफेवाला मागच्या वर्षीचा कटऑफ तोंडपाठ म्हणतो आणि बाप एका कुल्ल्यावर बसलेला असतो, कारण दोन्हींवर बसले की पायात कळ जाते. शर्टाच्या आत कंबरेचा पट्टा असतो. एमबीबीएस गेले, बीडीएस गेले, बीएएमएसच्या यादीवर कॅफेवाला नुसताच हसतो. यादी खाली सरकत सरकत तळाशी येते.

"हे बीपीटीएच काय हाय?" बाप विचारतो.

"फिजिओ."

"म्हंजी?"

"शेक देतेत बगा. करंट लावतेत."

"त्यात काय हाय मग?"

"नावापुढं डॉक्टर लागतंय."

"लागतंय?"

"लागतंय की."

"टाक मग."

एवढ्या संभाषणात साडेचार वर्षांचा निकाल लागतो. इतकी चटपटीत निर्णयप्रक्रिया मंत्रिमंडळातही नसेल. यात सर्वांत कौतुकाचे काय, तर आपल्या पायात जाणारी कळ आणि पोराने टिक केलेला चौकोन यांचा काही संबंध असेल, अशी शंका बापाच्या मनाला चाटूनही जात नाही. कॅफेवाल्याच्याही नाही. पोर रिपीटर असल्याने गॅपचे प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर करावे लागते. गॅप बापाच्या मणक्यातही आहे, तसे त्याला बार्शीला सांगितले आहे, पण तिथे स्टॅम्प पेपर लागत नाही, एमआरआय चालतो. दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घरी येतात.

पूर्वीच्या लोकांना ही हुशारी नव्हती. १९५० च्या आगेमागे मुंबईत पोलिओने पोरांचे पाय लुळे पडायला लागले, तेव्हा त्या काळच्या भाबड्या मंडळींनी काय करावे? पाय चालते करणारी माणसे तयार करायला घेतली. मुंबई महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केईएम रुग्णालयात १९५२ च्या सुमारास देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा काढली. त्याच आवारात दोन वर्षे आधी कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराचे वर्ग सुरू केले होते. बाई मूळच्या अमेरिकन, लग्नाने निंबकर झालेल्या. म्हणजे दुखणे ज्या वॉर्डात, शाळा त्याच आवारात, आणि शिकणारा जिना उतरला की पेशंट समोर. असला ढोबळ कार्यकारणभाव! आज कुणी असे महाविद्यालय काढतो म्हणाला, तर त्याला आधी जमीन किती एकर आहे आणि पार्किंगची सोय काय, हे विचारतील. १९५५ साली फिजिओथेरपिस्टांची देशव्यापी संघटना निघाली आणि त्याच साली मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्थाही उभी राहिली. पुढे पोलिओ हटला, पण शिक्षण राहिले. दुखणे गेल्यावरही उपचाराचे शिक्षण टिकून राहणे यालाच आपल्याकडे परंपरा म्हणतात.

आता कारभार पुष्कळ सुधारला आहे. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यभरची आरोग्याची महाविद्यालये एका छत्राखाली आली. भूमच्या पोराची प्रवेशपरीक्षा दिल्लीची एनटीए घेते, प्रवेश मुंबईचा सीईटी कक्ष देतो, शिकवतात पुण्यात, पेपर नाशिकहून येतो आणि पास झाल्यावर नोंदणी पुन्हा मुंबईच्या परिषदेकडे. एका गुडघ्यामागे चार शहरे कामाला लागतात. बाहेरच्या देशांत एवढा रोजगार निर्माण होत असेल असे वाटत नाही. सरकारी किंवा महापालिकेची जागा म्हटली की केईएम, नायर, सायन आणि नागपूरचे मेडिकल अशी मोजकी नावे तोंडात येतात. बाकी बहुतेक सगळा खासगी मामला. खासगी फीचा हिशेब आमच्याकडे रुपयांत करत नाहीत, म्हशींत करतात. पहिल्या वर्षाला दोन म्हशी गेल्या, असे बाप सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला नेमका आकडा कळतो.

महाविद्यालयात शिकवतात मात्र मनापासून, हे सांगितलेच पाहिजे. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी: स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याला कोणती नस जाते. दुसऱ्या वर्षी त्या स्नायूने केलेल्या हालचालींचे शास्त्र. गोनिओमीटर म्हणून कोनमापकाला दोन हात फुटल्यासारखी एक पट्टी असते, ती गुडघ्याला लावून तो किती अंशांत वाकतो ते मोजतात. मुले आधी एकमेकांचेच गुडघे मोजतात. प्लिंथ नावाच्या उंच बाकावर एक झोपतो, दुसरा त्याचा पाय वाकवतो, आणि वीस वर्षांच्या त्या तुकतुकीत पायाचे माप पुस्तकातल्या मापाशी तंतोतंत जुळते. शास्त्र खरे असल्याची याहून चांगली खात्री कोणती? पुढे ओपीडीत असे गुडघे येतात, की त्यांना पट्टी कुठून लावावी हेच कळत नाही. पण तोवर जर्नलवर सही झालेली असते.

शेवटच्या वर्षी कम्युनिटी फिजिओथेरपी असा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे गाव अगदीच विसरलेले नाही, गावाला एक पेपर दिलेला आहे. त्यात कामगारांच्या अंगमेहनतीची दुखणी, म्हाताऱ्यांचे तोल जाणे, अपंगांचे पुनर्वसन हे सगळे येते. आमच्या तालुक्यातले निम्मे लोक या पेपरात जसेच्या तसे बसतात. ही फार मोठी गोष्ट आहे. आजवर भूमचा उल्लेख हवामान खात्याच्या दुष्काळी आकड्यांखेरीज कुठल्या अभ्यासात आल्याचे मला आठवत नाही. तसे २०१८ साली केंद्राने आमच्या जिल्ह्याची निवड देशातल्या 'आकांक्षित जिल्ह्यां'त केली, ते खरे. नंतर जिल्ह्याचे नाव बदलून धाराशिव झाले, आकांक्षित मात्र तो तसाच राहिला. आकांक्षा धाराशिवला ठेवायच्या आणि पुऱ्या करायला पुण्याला जायचे, अशी सोय लागलेली असल्याने कुणाची तक्रार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पेशंटचे दुखणे हा मुख्य प्रश्न नव्हे. तो नेहमीचा आहे. मुख्य प्रश्न पाटीचा.

२०२१ साली संसदेने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्य-व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. राज्यांनी सहा महिन्यांत आपापल्या परिषदा स्थापाव्यात, असे त्यात लिहिले होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की आता १२ ऑक्टोबरच्या आत अंमलबजावणी करा. उतावळे लोक याला दिरंगाई म्हणतात. पण फिजिओथेरपीत पहिल्याच वर्षी शिकवतात, की ताठरलेला सांधा एकदम वाकवू नये, दुखेल त्याच्या अलीकडे थांबावे, दुसऱ्या दिवशी थोडे पुढे न्यावे. शासनाने हे तत्त्व पेशंटवर करायच्या आधी स्वतःवर करून पाहिले.

या आयोगाने २०२५ च्या एप्रिलमध्ये नवा अभ्यासक्रम आणला. साडेचार वर्षांची पदवी पाच वर्षांची झाली, सहा महिन्यांची इंटर्नशिप वर्षाची झाली, आणि फिजिओथेरपिस्टने नावाआधी 'डॉ.' व नावानंतर 'पीटी' लावायला हरकत नाही, असेही त्यात आले. कॅफेवाल्याने दिलेला शब्द खरा ठरला. तालुक्यात एका घरी पेढे वाटल्याचे मला ठाऊक आहे. भूमला पेढे वाटायला निमित्त लागत नाही ही गोष्ट वेगळी.

८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. १९५१ साली याच तारखेला त्यांची जागतिक संघटना स्थापन झाली. २०२५ सालीही त्या दिवशी ठिकठिकाणी मोफत तपासणी शिबिरे झाली, गुडघे मोजले गेले, हारतुरे झाले. ९ सप्टेंबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनला पत्र लिहून कळवले, की फिजिओथेरपिस्टांनी 'डॉ.' लावू नये, पेशंटची दिशाभूल होते, आणि तसे करणे १९१६ च्या कायद्याचा भंग ठरेल. लोकमान्य मंडालेहून सुटून आल्याला दोन वर्षे झाली होती, तेव्हाचा हा कायदा. १० सप्टेंबरला तेच पत्र, विषय आणखी तपासायला हवा असे सांगून, मागे घेण्यात आले.

म्हणजे सोमवारी सत्कार, मंगळवारी मनाई, बुधवारी माफी. देशातला एवढा मोठा वर्ग एका दिवसापुरता डॉक्टरचा नुसता मॅडम आणि सर झाला व पुन्हा पूर्ववत झाला, आणि एकाही पेशंटला त्याचा पत्ता लागला नाही. दिशाभूल टाळण्याचा इतका निर्मळ प्रयोग क्वचितच होतो. त्या आठवड्यात फ्लेक्स छापणाऱ्याकडे एक मुलगी नव्या क्लिनिकची पाटी घेऊन आली होती. मोबाईलमधली बातमी तिने त्याला दाखवली. तो फ्लेक्सवाला निवडणुकांच्या आणि वाढदिवसांच्या पाट्या करून मुरलेला माणूस; उमेदवार ऐनवेळी पक्ष बदलतात, त्याची त्याला सवय. तो म्हणाला, "मॅडम, छापून तर ठिवू. 'डॉ.'वर पांढरा कागद डकवतो. परवा बदललं तर उपसून टाकू." राष्ट्रीय धोरण राबवायचे कसे, हे ज्याला कळले असा जिल्ह्यातला तो एकमेव माणूस असावा.

ती पाटी लागली. आता पाठीकडे वळू.

भूम-कुंथलगिरीचा खवा कुणाला सांगायला नको. म्हशीचे दूध मोठ्या कढईत ओतायचे, खाली जाळ करायचा आणि ते खाली लागू नये म्हणून लांब दांड्याच्या उलथण्याने हलवत राहायचे. साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा बसतो. उरलेल्या चार लिटरांची वाफ होते आणि ती वाफ होईतो हात थांबत नाही. काही ठिकाणी आता हलवायला मोटार बसवली आहे. जिथे नाही तिथे माणूस आहे. कढईवर किंचित वाकून, एक पाय पुढे टाकून, उजवा खांदा गोल गोल फिरवत तो उभा राहतो. एक कढई उतरली की दुसरी. पंधरा-वीस वर्षांत तो खांदा असा काही जाम होतो, की सदरा घालताना आधी तो हात बाहीत सोडावा लागतो आणि पाठीमागची कासोटी बायकोला खोचावी लागते.

असा एक गडी त्या नव्या क्लिनिकमध्ये गेला. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्याचे भाडे परवडत नाही, म्हणून गुडघ्याच्या पेशंटांनी एकोणीस पायऱ्या चढून गुडघे दाखवायचे. वर पोचले त्यांचे दुखणे किरकोळ, अशी निवड आपोआप होते. मॅडमने त्याचा हात चहूबाजूंनी फिरवून पाहिला, पट्टी लावून मोजला, लिहून ठेवला. मग म्हणाली, पंधरा दिवस भट्टी बंद ठेवा.

"मी बंद ठिवीन, म्हशी ठिवतील का?"

मग तिने तडजोड केली. चुलीची उंची थोडी वाढवा, दांडा लांब करा, मध्ये मध्ये हात बदला. शिवाय घरी व्यायाम: भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंतीवर चालत हात वर न्यायचा, जिथपर्यंत गेला तिथे कोळशाची रेघ ओढायची, उद्या रेघेच्या वर जायचे. वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा. टॉवेल पाठीमागून दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढायचा. महिना-दीड महिना चिकाटीने केले तर फरक पडेल.

"सुई नाही?"

"नाही."

"गोळी?"

"लागली तर तुमच्या डॉक्टरांना विचारा."

"मग तुमचं किती झालं?"

तिने शंभर सांगितले. गडी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. "हात हलवायचे शंभर रुपये? मॅडम, हात तर मी दिवसभर हलवतोय."

या वाक्यावर चार वर्षांच्या पुस्तकांत उत्तर नाही. व्यायाम त्याने दोन दिवस केला, हे त्याच्या श्रेयाला धरून सांगतो. भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा अजून आहेत. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याने विचारले, "भिंत खाजवायलास का रं?" चौथ्या दिवशी त्याने दुसरीकडे सुई घेतली, आठ दिवस हात वर गेला, भट्टी जोरात चालली. नवव्या दिवशी जाऊन त्याने सगळ्या गावाला सांगितले, की डॉक्टर असावा तर असा. सुईवाल्याला, अर्थात. लोकांचे हे निदान मला फार अचूक वाटते. जो काही करतो तो डॉक्टर. जो आपल्याला करायला लावतो तो मास्तर. आणि मास्तरांची फी आपण सातवीनंतर स्वखुशीने कधी दिलेली नाही.

मॅडमही शहाणी निघाली. तिने कर्ज काढून मशिनी आणल्या. आता येणाऱ्याला प्लिंथवर आडवे करून ओल्या स्पंजाच्या चकत्या लावतात, मशीन टिंग करते, अंगात मुंग्या येतात आणि माणूस समाधानाने डोळे मिटतो. करंट लागतो म्हणजे पैसे लागू पडले. त्याचे दोनशे तो विनातक्रार देतो. व्यायामाचा कागद ती अजून हातात ठेवते. लोक तो मोबाईलच्या कव्हरमध्ये जपून ठेवतात. काहींचे कव्हर फुगले आहे.

राहता राहिला पेशंट पाठवण्याचा प्रश्न. मोठ्या गावात तो चिठ्ठीवर चालतो आणि चिठ्ठीच्या मागे टक्के असतात, त्याला 'कट' म्हणतात. २०१७ साली राज्याने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला. मसुदा चांगला होता, म्हणून तो मसुदाच ठेवला.

आता जी हुशार मुले भूमला परत येतच नाहीत, त्यांच्या वाटा पाहू. एक वाट एमपीटीएचची: दोन वर्षे आणखी शिकायचे आणि ज्या महाविद्यालयातून बाहेर पडलो तसल्याच दुसऱ्या महाविद्यालयात शिकवायला लागायचे. त्यातून आणखी फिजिओथेरपिस्ट तयार होतात, त्यांना शिकवायला आणखी महाविद्यालये लागतात. पेशंटवाचून पिढ्यान् पिढ्या चालू शकेल अशी ही एकमेव वैद्यकशाखा असावी. दुसरी वाट सरकारी: जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी जागा निघते, तिला मुदत असते आणि दरवर्षी मुदतवाढ. अशा नोकरीत माणसाला आपले स्नायू कायम ताणलेले ठेवावे लागतात, ते तब्येतीला चांगले. तिसरी वाट परदेशाची. इंग्लंडला त्यांच्या परिषदेची नोंदणी, ऑस्ट्रेलियाला त्यांची परीक्षा. अमेरिकेत तर सुरुवातच डॉक्टरेटपासून होते, तिथे 'डॉ.'चा वाद कुणी घालत नाही, ती पदवीच तशी आहे. गेलेली मुले तिकडे म्हाताऱ्या गोऱ्यांना वॉकर धरून चालवतात, आणि आपल्या म्हाताऱ्यांना व्हिडिओ कॉलवर विचारतात, "व्यायाम करताय ना?" म्हातारे हो म्हणतात. चौथी वाट स्पर्धा परीक्षेची. तलाठी झालेला एक फिजिओथेरपिस्ट मला भेटला आहे. सातबारा हातात देताना त्याने माझ्या चालण्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, डाव्या पायावर भार कमी टाकताय." उतारा मात्र त्याने बरोबर दिला.

सर्वांत मोठा ओघ पुण्याला. हिंजवडीच्या आजूबाजूला मानेचे पीक चांगले येते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मान धरलेली तरुण मंडळी, तीस वर्षांची, विमा असलेली, भिंतीवर बोटे चढवायला सांगितली तर त्याचे ॲप मागणारी. आमची मुले त्यांना स्क्रीन किती इंचांवर ठेवावा, कोपर कुठे टेकवावे, दर तासाला उठून कसे आळोखेपिळोखे द्यावेत हे समजावतात. कंपन्या त्यासाठी खास व्याख्याने ठेवतात. मोटारसायकलवरून घरोघर जाऊन व्यायाम करवणारेही पुष्कळ आहेत; मागे बॅगेत मशीन, पुढे टाकीवर डबा.

आता कुणी हळवा माणूस म्हणेल, की अहो, मग तुमच्या ऊसतोड्यांचे काय? दसरा झाला की भूम, परंडा, वाशी, कळंब इकडून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, सवाळायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडी रात्री कितीही वाजता आली तरी तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन कलत्या फळीवरून ट्रॉलीत चढायचे. फळी लवते, पाय रोवून धरावा लागतो, मान ताठ. सहा महिने हेच. त्यांच्या माना, कंबरा, गुडघे कोण पाहणार?

पण आक्षेप घेणाऱ्याने नकाशा पाहावा. या टोळ्या जातात कुठे? पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर. आणि आमची शिकलेली मुले जातात कुठे? तिकडेच. म्हणजे मराठवाड्यातले दुखणे आणि मराठवाड्यातला उपचार हे दोन्ही पश्चिम महाराष्ट्रात बिनचूक पोचवण्याचे काम व्यवस्थेने चोख केलेले आहे. हिंजवडीपासून जवळच कासारसाई-दारुंब्रेला संत तुकाराम साखर कारखाना आहे. इकडे काचेच्या इमारतीत आमचा मुलगा वजन उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यात वाकावे हे स्लाइडवर दाखवतो आणि तिकडे फडात मराठवाड्याची टोळी मोळी उचलते. मधले अंतर काही किलोमीटर. ते कुणी ओलांडले तर दोघांचाही दिवस बुडेल. कोयता बुडाला की मुकादम पैसे कापतो आणि होम व्हिजिट बुडाली की पेशंट दुसरा माणूस बघतो. म्हणून जो तो आपापल्या जागी आहे. हंगाम संपला की टोळी परत येते, दिवाळीला मुलगा परत येतो. एक येतो तेव्हा दुसरा गेलेला असतो. एसटीचे वेळापत्रकसुद्धा इतके नेटके नसते.

मध्यंतरी गावातल्या काही उत्साही मंडळींनी मागणी केली, की तालुक्याला एक सरकारी फिजिओथेरपिस्ट द्या. हंगामाआधी टोळ्यांना वजन उचलण्याचे चार धडे, हंगामानंतर कंबरांची तपासणी, भट्ट्यांवर जाऊन चुलींच्या उंच्या पाहणे, अर्धांगाच्या पेशंटला घरी जाऊन बसते करणे, एवढेच काम. सामान काय लागेल म्हणून विचारले, तर एक प्लिंथ, चालायला शिकवायच्या दोन समांतर दांड्या, वाळूच्या पिशव्या, रबरी पट्टे, एक मोठा आरसा आणि भिंत. मी तेव्हाच सांगितले, हे मंजूर होणार नाही. यात खरेदी करण्यासारखे काही नाही. वाळू आणि भिंत यांची निविदा कुणी भरायची? ज्या उपचारात मुख्य औषध पेशंटची चिकाटी, त्याचा पुरवठादार सरकारने कुठून शोधावा?

तरी त्यांनी अर्ज दिलाच. अर्ज जिल्ह्याला गेला, जिल्ह्याहून मंडळाला, तिथून शेरा आला की पदनिर्मितीचा प्रस्ताव लोकसंख्येच्या निकषासह व जागा उपलब्ध असल्याच्या दाखल्यासह फेरसादर करावा. जागेचा शोध घेतला. तळमजल्यावर औषधांचे गोदाम, जुन्या खाटा आणि साहेबांची गाडी आहे. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, तिचा दाखला जोडला आहे. मला उद्घाटनाला बोलवायचे त्यांच्या मनात आहे, गावातला सर्वांत जुना गुडघा म्हणून. मी येतो म्हटले आहे. फक्त फीत खालीच बांधा, एवढे सांगून ठेवले.